आक्का, तुझा माळ पडीक नव्हता

आक्का,

तुझ्या दहाव्याला गावानं तुझ्या नावानं एक हजार झाडं लावायचं जाहीर केलं. कुठं लावणार, ते ऐक. तुझ्या माळावर.

मी समोरच बसलो होतो. डोकं नुकतंच भादरलेलं, ओल्या पंचात कुडकुडत. पिंड मांडून झाले होते आणि सगळे कावळ्याची वाट बघत होते. तेवढ्यात सरपंच कागद घेऊन उठले आणि म्हणाले, "वृक्षप्रेमी हौसाक्का यांच्या स्मरणार्थ..." ओढ्याकाठच्या लिंबाला फलक बांधला होता. त्यावर तुझा आधार कार्डावरचा फोटो मोठा करून छापलेला आणि दोन्ही बाजूंना हिरवीगार झाडं. फोटोत तू रागावलेली दिसतेस. बरंच झालं.

वृक्षप्रेमी! जी बाई तीस वर्षं माळावर उगवणारी वेडी बाभूळ मुळासकट खणून काढत राहिली, जिच्या तळहाताला कुदळीचे घट्टे शेवटपर्यंत होते, ती यांची वृक्षप्रेमी. यातल्या किती जणांनी तुझ्या माळावर पाय ठेवला होता? तू काय करतेस, एवढं तरी कुणी कधी विचारलं होतं? मला उठून ओरडायचं होतं. सुतकातल्या माणसानं ओरडायचं नसतं म्हणून मी गप्प बसलो, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी गप्प बसलो, कारण खाली बसताना सरपंच माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "आबा, तुमची आधीची सही हायच आमच्याकडं. नवा कागद करायची बी गरज न्हाई."

कावळा अर्ध्या तासानं शिवला. हजार झाडांचं ऐकून आक्काचा जीव शांत झाला, असं लोक बोलले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "भूक लागली आसंल त्याला."

हा बावीस एकर मुरमाड माळ आपल्या दोघांच्या नावावर कसा आला, हे गावातल्या आजच्या माणसांना माहीत नाही. वाटणीत विहिरीखालची जमीन चुलत्यांकडं गेली आणि म्हसवडच्या रस्त्याच्या वरच्या अंगाचा हा माळ आपल्या वडलांच्या, दादांच्या वाट्याला आला. दादांची मेंढरं होती, त्यांना तो पुरला. दाजी गेल्यावर तू मूलबाळ नसताना माहेरी परत आलीस, तेव्हा दादांनी सातबाऱ्यावर माझ्या नावाच्या वर तुझं नाव लावलं. भावकी हसली. लेकीला काय दिलं तर माळ दिला, म्हणाली. मी तेव्हा फौजेत, पंजाबात होतो. तू शेजारच्या मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतंस. 'माळ आपल्या दोघांचा झाला. तू येणार जाणार, तवा मीच बघते.' त्या 'बघते'त काय काय होतं, ते मला कळायला तुझं आयुष्य जावं लागलं.

सातबाऱ्यावर या जमिनीपुढं 'पोटखराब' लिहिलेलं आहे. एकदा तलाठी पाहणीला आला तेव्हा मी सुट्टीवर होतो. तू त्याला चहा दिलास आणि विचारलंस, "कुणाचं पोट खराब हाय?"

तो म्हणाला, "मावशी, लागवडीला योग्य नसलेल्या जमिनीला पोटखराब म्हणतात. सरकारी शब्द आहे."

"माझ्या मेंढरांचं पोट हितं भरतंय. सशाचं भरतंय, तित्तराचं भरतंय, खोकडाचं भरतंय. आन् खराब कुणाचं झालं?"

तलाठी हसला. मीही हसलो. तू हसली नव्हतीस. एखाद्या जिवंत जागेला एका शब्दात मेलेली ठरवायचं आणि मग तिचं भलं करायला निघायचं, हा धंदा तुला त्या दिवशीच कळला होता. मला तो गेल्या पंधरवड्यात कळला.

लोकांना वाटायचं, तू काहीच करत नाहीस. माळ आपोआप आहे, गवत आपोआप येतं, पाखरं आपोआप बसतात. त्यांना तुझं एक वर्ष दाखवायला हवं होतं. तू माळाचे चार वाटे केले होतेस: खालचा, ओघळीचा, टेकाडाचा आणि पाणंदीचा. मध्ये दगडांच्या गुडघाभर रांगा. दर वर्षी एक वाटा पूर्ण राखायचा. त्यात मेंढरू नाही, विळा नाही. एक वाटा कापायचा, पण गवताचं बी झडून गेल्यावरच, आणि कापताना वीतभर बुडखा ठेवायचा. उरलेल्या दोन वाट्यांत मेंढरं फिरवायची, तीही एका जागी फार दिवस थांबू द्यायची नाहीत. पवन्या आणि मारवेल ही चांगली गवतं कुठं वाढली, कुसळ कुठं माजलं, हे तू चालता चालता पायानं तपासायचीस. मेंढरांच्या खुरांनी झडलेलं बी मुरमात दाबलं जातं, हे मला तूच सांगितलंस. बोरीची आणि तरवडाची झुडपं तू ठेवायचीस, पण मोजकी, लांब लांब. वेडी बाभूळ मात्र बोटभर दिसली की कुदळ.

एका मार्गशीर्षात मी तुझ्याबरोबर टेकाडाच्या वाट्यात गवत कापायला आलो होतो. निवृत्त होऊन वर्ष झालं असेल. मी ओळीनं, सरळ, परेडच्या मैदानासारखं कापत चाललो. मागं वळून पाहिलं तर तू कमरेवर हात ठेवून उभी.

"नामा, हे काय केलंस रं?"

"कापलं की."

"भादरलंस. मधी मधी गवताचं ठोंब सोडायचं आस्त्यात. लाव्यानं कुठं दडायचं? सशानं कुठं बसायचं?"

"आक्का, माळ हाय का सशांची धर्मशाळा?"

"दोनी हाय," म्हणालीस आणि माझ्या हातातला विळा काढून घेतलास.

त्या संध्याकाळी आपण दगडांच्या रांगेवर बसलो. सूर्य कलला तसे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या ससाणे एकेक करून आले आणि तू राखलेल्या वाट्यातल्या कमरेएवढ्या गवतात जमिनीवरच उतरले. मी कधी असं पाहिलं नव्हतं. ससाणा झाडावर बसतो, एवढंच मला ठाऊक. तू बोट दाखवून म्हणालीस, "ह्यांना झोपायला झाड लागत न्हाई. गवत लागतंय. हितलं गवत गेलं की ह्ये कुठं जाणार, सांग." मी म्हणालो, दुसरीकडं जातील. तू म्हणालीस, "दुसरीकडं ऊस हाय."

मला ते पटलं नव्हतं, हे आज कबूल करतो. माझी सगळी नोकरी उन्हात गेली होती. सावलीची किंमत मला तुझ्यापेक्षा जास्त कळते, असा माझा समज होता. सांगलीला घर बांधलं, हळदीच्या गोदामावर रखवालीची नोकरी धरली, दारात आंबा लावला, नारळ लावला. गावी आलो की उघडा माळ बघून मला लाज वाटायची. हवालदाराची जमीन आणि एक झाड नाही! किती वेळा भांडलो आपण यावरून. तू म्हणायचीस, झाडाशी माझं वैर नाही, विहिरीपाशी लाव, पाणंदीला लाव, दारात लाव. मी म्हणायचो, तू अडाणी आहेस. हो, हा शब्द मी वापरला आहे. दोनदा तरी.

आणि मग ती सही. आठ वर्षं झाली. तू आठवडाभर वडूजला नणंदेकडं लग्नाला गेली होतीस. झाडं लावणाऱ्या एका संस्थेची माणसं आली, पांढरे कपडे, गळ्यात ओळखपत्रं. सरपंच बरोबर होते. म्हणाले, पडीक जमीन हिरवी करायची योजना आहे, खड्डे आम्ही काढू, रोपं आम्ही देऊ, मालकाची फक्त सही. मी फोन करून तुला विचारू शकलो असतो. तुझ्या पिशवीत फोन होता आणि तो चालू होता. मी विचारलं नाही. परत येशील तेव्हा माळावर रोपांच्या ओळी बघून खूश होशील, नाहीतर चिडशील आणि दोन वर्षांनी सावलीत बसून मान्य करशील, असा माझा हिशेब. मी सही केली.

मशीन दीड दिवस खालच्या वाट्यात चालत होतं. तू एसटीतून उतरून चालत आलीस, तेव्हा लांबूनच तुला उकरलेला लाल मुरूम दिसला असणार. चर खणलेले, पवन्याची बुडं उलटी पडलेली, टिटव्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालताहेत. मी तयारीत होतो. ओरडशील, शिव्या देशील, मग मी समजावीन. तू एका चराच्या काठावर बसलीस आणि उलटं पडलेलं गवताचं बूड उचलून सुलटं करून परत मुरमात रोवलंस. मग दुसरं. मग तिसरं.

त्यानंतर अकरा महिने तू माझ्याशी बोलली नाहीस.

संस्थेची माणसं रोपं लावायच्या दिवशी आली, फोटो काढले, नारळ फोडला आणि गेली. पाणी घालायला एकही जण परत आला नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात रोपं वाळून काड्या झाली. उकरलेल्या मातीत मात्र वेडी बाभूळ अशी फोफावली की मेंढरू आत शिरेना. खालच्या वाट्यातले चंडोल गेले, पखुर्ड्यांचे थवे गेले. तू पाटी आणि खोरं घेऊन एकटी ते चर बुजवत राहिलीस. मी गावी यायचो, दुरून बघायचो आणि सांगलीला परत जायचो. अकरा महिन्यांनी तू बोललीस तेही एवढंच, "जेवायला बस." मी बसलो. चुकलं म्हणायचं होतं. भाकरी मोडता मोडता ते गिळलं. पुढं सात वर्षं गिळत राहिलो.

तुझ्याशी भांडण राहिलं ते हे. तू माफ केलंस की फक्त जेवायला बसवलंस, मला माहीत नाही. आणि तुझ्यावर थोडा रागही आहे माझा. एकदा तोंडावर फटकारायचं होतंस. तू गप्प राहिलीस म्हणून मला वाटत राहिलं, की आपल्यातला वाद अजून बरोबरीत आहे.

एका गोष्टीसाठी मात्र मी तुझा ऋणी आहे, आणि ती म्हणजे लांडगीण. पुढच्या एका हिवाळ्यात ओघळीच्या कपारीत ती व्यायली होती आणि खालच्या वस्तीवरची दहाबारा माणसं धूर करायला पालापाचोळा घेऊन आली. मी योगायोगानं गावी होतो. तू कपारीच्या तोंडाशी काठी टेकून उभी राहिलीस.

"आक्का, बाजूला व्हा. उद्या मेंढरं खाईल."

"माझं कोकरू कवाच नेलंय तिनं. मी बोलत न्हाई, तर तुमी का बोलताय?"

"आवं पण पोरंबाळं हायती गावात!"

"तिला बी हायती. म्हणून तर हितं बसलीय."

माझ्याकडं बघून एक जण म्हणाला, हवालदार, समजवा बहिणीला. मी का कुणास ठाऊक, पण तुझ्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तू माझ्याकडं पाहिलंही नाहीस, फक्त थोडी सरकून मला जागा केलीस. सगळ्या आयुष्यात मला कुणी दिलेली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती. माणसं बडबडत परत गेली. महिन्याभरानं ती लांडगीण पिल्लं घेऊन गेली. तू जाऊन कपार बघून आलीस आणि म्हणालीस, "रिकामी झाली घरं."

या दिवाळीत तुला सांगलीच्या दवाखान्यात आणलं. छातीत पाणी झालं होतं. तुझ्या खाटेच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत आणि रिक्षांचा थांबा दिसायचा. आकाश म्हणून एक पट्टी. तुला तिथं ठेवल्याची मला अजून चीड आहे, पण दुसरं काय करणार होतो? डॉक्टरांनी प्रयत्न केले. तू चौदा दिवस होतीस. त्यात तू मला स्वतःच्या तब्येतीबद्दल एकही प्रश्न विचारला नाहीस. एकच विचारायचीस.

"गवत पिवळं पडलं का रं?"

"पडायला लागलंय."

"मग जाळरेषा काढाय पायजे. लोक इडी टाकत्यात रस्त्यानं जाता जाता."

जाळरेषा म्हणजे माळाच्या कडेनं चार हात रुंद पट्टा गवत खरवडून उघडा करायचा, म्हणजे बाहेरून आग आली तर तिथं थांबते. दर वर्षी तू एकटी काढायचीस. बाराव्या दिवशी तू पुन्हा विचारलंस आणि मी म्हणालो, "काढली आक्का. काल माणूस लावून काढून घेतली." तुझा चेहरा सैल झाला. मी खोटं बोललो होतो. कुणालाच लावलं नव्हतं, मला आठवणही नव्हती. दोन दिवसांनी तू गेलीस.

पाचव्या दिवशी मी खुरपं आणि खोरं घेऊन माळाच्या कडेला गेलो. भावकीतले म्हणाले, सुतकात रानात काम करायचं नसतं. मी म्हणालो, आक्काला कळवा. सकाळपासून दुपारपर्यंत खरवडत होतो, फक्त रस्त्याकडची बाजू झाली. पाठ धरली, हाताला फोड आले. सत्तरी ओलांडलेली बाई हे दर वर्षी चारी बाजूंनी करत होती! आणि हे काम नव्हे, ही शेती नव्हे, ही जमीन पडीक! कुठल्या तोंडानं बोलतात हे लोक? मी कुठल्या तोंडानं बोलत होतो? बाकीच्या तीन बाजू पुढच्या तीन दिवसांत उरकल्या. तुझ्याशी बोललेलं खोटं खरं करायला चार दिवस लागले. तोवर तू नव्हतीस.

म्हणून दहाव्याला सरपंचांनी सहीची आठवण करून दिली, तेव्हाच ती मागं घ्यायचं मी ठरवलं. तेरावा झाला आणि मी तालुक्याला गेलो. कचेरीत बाकावर बसून अर्ज लिहिला. आमच्या सामाईक जमिनीवर वृक्षलागवडीसाठी दिलेली संमती मी मागं घेत आहे. ही जमीन गवताळ माळ म्हणून राखलेली आहे आणि तशीच राखायची आहे.

कारकुनानं दोनदा वाचला. "आबा, झाडं लावू द्या म्हणून अर्ज येत्यात. झाडं नकोत म्हणून पहिल्यांदाच आलाय."

"मग नीट ठेवा जपून," मी म्हणालो. त्यानं शिक्का मारून पोच दिली.

तरी मशीन आलंच. परवा सकाळी पाणंदीच्या वाट्याशी उभं होतं, सरपंच मोटारसायकलवर. कुणी मोठे पाहुणे येणार होते आणि त्याआधी खड्डे तयार पाहिजे होते. मी पोच पुढं केली. त्यांनी हातात घेतली नाही.

"आबा, कागद ऱ्हाऊ द्या. आमाला बी आक्काबद्दल लय वाटतंय. झाडं लावण्यात वाईट काय हाय, सांगा की."

मी म्हणालो, "चला, दाखवतो." मशीन चालवणाऱ्यालाही खाली उतरवलं. तिघं खालच्या वाट्यात गेलो. तू सगळे चर बुजवू शकली नव्हतीस, टोकाचे सहा तसेच राहिलेत. तिथं वेडी बाभूळ डोक्याच्या वर गेलेली, खाली गवताची एक काडी नाही, नुसते काटे. "ही तुमची मागची झाडं. त्यातलं एक जगलेलं दाखवा." मग मी त्यांना टेकाडाच्या वाट्यात नेलं. पहिल्याच पावलाला गवतातून पखुर्ड्या उठल्या, दहापंधरा तरी, पंखांचा एकच फडफडाट झाला. मशीनवाला दचकून मागं सरला.

"पाखरांसाठी गावाचा कार्यक्रम मोडताय व्हय?" सरपंच म्हणाले.

"व्हय."

"मागं तर तुमीच सही केली हुती. आक्का न्हाई म्हणत असताना."

तेव्हा मी बोललो, आक्का. सरपंच, मशीनवाला, पाणंदीवर जमलेली पाच-सात माणसं, सगळ्यांसमोर बोललो. मी म्हणालो, "मी चुकलो हुतो. आक्का बरोबर हुती. तिला इचारलं न्हाई, तिच्या माघारी तिची जमीन उकरली. आठ वर्षांत तिला हे सांगायचं धाडस झालं न्हाई माझं. आता तुमाला सांगतोय." ज्या एका माणसाला सांगायचं होतं, ते सोडून सगळ्या गावाला सांगितलं, हे मला तिथं उभं असतानाच कळत होतं.

झाडं शाळेच्या कुंपणाला आणि स्मशानाच्या वाटेला लावा, तिथं मी स्वतः पाणी घालीन, असंही म्हणालो. सरपंचांनी मोटारसायकल चालू केली. "बघू," म्हणाले. मशीन मागं फिरलं. जिंकलो असं समजू नकोस. चहाच्या टपरीवर माझ्याशी कुणी बोलत नाही. बहिणीच्या नावाचं एक झाड सहन झालं नाही याला, असं बोलणं माझ्या कानावर आलं आहे. उद्या दुसरा कुणी येईल, दुसरा कागद आणील. पडीक हा शब्द त्यांच्या तोंडात तसाच आहे.

लोक पांगल्यावर ठकू मागं राहिली होती. खालच्या वस्तीवरची, जिची मेंढरं तू चार-पाच वर्षं माळावर चारू देत होतीस. पदर खोचून, काठी घेऊन ती पाणंदीवर उभी होती आणि मागं तिची मेंढरं.

"आवं आबा," ती म्हणाली, "औंदा कुठला वाटा मोकळा हाय? मेंढरं कुठं घालू?"

मी चारी वाट्यांकडं पाहिलं. औंदा कुठला राखायचा, कुठला कापायचा, कुठं चारायचं, मला काहीच माहीत नव्हतं. तीस वर्षं मी या माळावरून तुझ्याशी वाद घातला आणि एकदाही विचारलं नाही की तू ठरवतेस कसं. तू मला कधी सांगितलं नाहीस, असा राग आला क्षणभर. मग आठवलं. तू सांगत होतीस. मीच बोलत होतो.

"मला न्हाई माहीत, ठकू."

ती जराही चकित झाली नाही. "मालक आता तुमी, म्हणून आधी इचारलं. आक्का दवाखान्यात जायच्या आधी मला घेऊन समदा माळ फिरली हुती. दम लागत हुता, बसत बसत फिरली. औंदा टेकाडाचा राखायचा. ओघळीचा कापायचा, पर अजून आठ दिस थांबून, बी झडूंद्या म्हणाली. मेंढरं पाणंदीच्या वाट्यात. आन् खालच्या वाट्यातली बाभूळ काढाय माणूस बघ म्हणाली."

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

ठकूनं काठीनं एक मेंढरू वळवलं. "काय न्हाई. तुमी इचाराय आला तर सांग म्हणाली."

मेंढरं पाणंदीच्या वाट्यात शिरली. मी घरातून कुदळ घेऊन परत आलो आणि ठकूला म्हणालो, "बाभळीचं मूळ कुठवर खणायचं, तेवढं दाखव." ती पुढं चालू लागली. मी तिच्या मागं गेलो.